हलव्याचे दागिने घरी करायचे असतील, तर सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या या दुकानात जा

यंदा माझ्या भाचीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं. भाची पुण्याला असते, पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आणि संक्रांतीला माहेरी यायचंच असा तिचा हट्ट, त्यामुळे बोरन्हाण विजापूर रोडला, माझ्या बहिणीच्या घरी करायचं ठरलं. दागिन्यांचा आयता संच भाचीने आधीच मागवून ठेवला होता. किंमत 850 रुपये. फोटोत तो फार सुंदर दिसत होता.

डबा उघडला आणि मला वाईट वाटलं. मुकुटाच्या आत लोखंडी तार, तिचं टोक एका बाजूने बाहेर आलेलं. पाठीमागे गोंदाच्या वाळलेल्या तारा लोंबत होत्या. हार उचलला तर सात-आठ दाणे ताटात पडले. त्यातला एक मी दाताखाली धरून पाहिला, तो फुटेचना. अर्धे दाणे हलव्याचे आणि अर्धे पांढरे प्लॅस्टिकचे मणी. बाळ अकरा महिन्यांचं, हाताला लागेल ते तोंडात घालणारं. हे त्याच्या अंगावर कसं चढवायचं? बहीण म्हणाली, "दहा मिनिटांसाठी तर आहे." मी म्हटलं, दहा मिनिटंसुद्धा नको, मी करते. संक्रांतीला नऊ दिवस होते.

मी गेली 22 वर्षं घरी शाळेचे गणवेश शिवते, तेव्हा दोरा, कापड, बटण यांतलं मला कळतं. हलव्याचे दागिने मात्र लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी माझ्यासाठी केले होते तेवढेच पाहिलेले. त्यांनी प्रत्येक दाणा दोऱ्याने बांधला होता, एवढं आठवत होतं. कसा बांधला होता, ते विचारायचं राहून गेलं.

दुकानाचं मला शेजारच्या अक्काने सांगितलं. मधल्या मारुतीच्या बाजारात पूजेच्या साहित्याची जी दाटी आहे, तिथून आतल्या बोळात वळलं की उजव्या हाताला. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच दुकान. काका आणि काकू दोघं मिळून चालवतात. नाव लिहू नका, असं काकांनी स्वतः सांगितलं, संक्रांतीआधीच्या पंधरवड्यात आहे तीच गर्दी त्यांना आवरत नाही. म्हणून नाव देत नाही. बाजारात कुणालाही "सुटा हलवा कुठे मिळतो" असं विचारा, बोट त्याच बोळाकडे जाईल.

दुकानात शिरल्यावर आयते संच टांगलेले दिसतात, 350 रुपयांपासून पुढे. मी तिकडे पाहत होते तेवढ्यात काकांनी विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग हे घेऊ नका. हे मोठ्या पोरांसाठी आणि नव्या नवरीसाठी. बाळाचं घरी करा, बांधून." आपल्याच दुकानातला महागडा माल नको म्हणणारा दुकानदार मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. तिथेच मी ठरवलं की सगळं इथूनच घ्यायचं.

आता हलव्याबद्दल नीट लिहिते, कारण सगळं काम त्याच्यावर उभं असतं. यांच्याकडे तीन प्रकारचा हलवा सुटा मिळतो. खसखशीचा अगदी बारीक, तिळाचा मधला आणि साबुदाण्याचा मोठा. खसखस, तीळ किंवा साबुदाणा मंद आचेवर परातीत ठेवायचा, त्यावर पाकाचे थोडे थोडे थेंब सोडायचे आणि बोटांनी सतत हलवत राहायचं, अशी याची रीत. एका दिवसात होत नाही. थरावर थर चढत जातात आणि मग काटा फुटतो. काकूंच्या माहेरी हलवा घरीच करत असत. थंडी चांगली पडली की काटा चांगला येतो, असं त्या म्हणाल्या. सासूबाईही हेच म्हणायच्या.

दागिन्यांना काटेरी हलवाच लागतो. दिसायला छान हे तर खरंच, पण दोरा काट्यांच्या खाचेत बसतो म्हणून दाणा निसटत नाही. गुळगुळीत दाण्यावरून दोरा घसरतो. काकूंनी मला पारख शिकवली ती अशी. चिमूटभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने हलके फिरवायचे. टोचलं पाहिजे आणि हाताला पांढरी पूड लागता कामा नये. पूड लागली तर काटा कच्चा आहे, बांधताना झडणार. मग एक दाणा फोडून पाहायचा, आत तीळ नाहीतर साबुदाणा दिसला पाहिजे. त्यांनी स्वतः एक दाणा अडकित्त्याने फोडून दाखवला.

मी साबुदाण्याचा मोठा हलवा पावकिलो घेतला, 110 रुपयांना. मधल्या जागा भरायला तिळाचा 50 रुपयांचा. रंगीत हलवाही होता, गुलाबी, हिरवा, पिवळा. हौसेने मूठभर हातात घेतला, तर घामाने बोटं गुलाबी झाली. बाळाच्या अंगाला लागेल त्या कामाला रंगीत घेऊ नका, तो ताटात सजवायला ठेवा. काळ्या झबल्यावर पांढराच उठून दिसतो.

त्यानंतर काकूंनी गाठ दाखवली. दुकानात गर्दी असताना, तराजूशेजारी उभं राहून. मी सुई काढली होती, तर त्या म्हणाल्या, "ताई, सुई नका घालू, दाणा फुटतो." दोरा दुहेरी घ्यायचा, त्याचा फास करायचा, फासात दाणा बसवायचा आणि दोन्ही टोकं आडवी ओढायची. वर ओढलं की काटा मोडतो. मग दाण्याला लागून एक साधी गाठ, आणि त्या गाठीला चिकटून पुढचा फास. बस्स, एवढंच. पण हे एवढंच मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिले दहा दाणे त्यांनी माझ्याकडून तिथेच बांधून घेतले, त्यातले चार सुटले, पुन्हा बांधायला लावले. याचे पैसे घेतले नाहीत.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र माझं आणि दुकानाचं जमलं नाही. काका पॉलिस्टरचं रीळ देत होते, पांढरं शुभ्र, चकचकीत. मी गणवेशाला हाच दोरा वापरते, मजबूत आहे यात वाद नाही, पण तो गुळगुळीत असतो आणि गाठ मागे सरकते. घरी येऊन अक्काला सांगितलं. तिचं माहेर पूर्व भागातलं, घरात तीन पिढ्या माग. ती कोनावरचं दोनपदरी सुती सूत घेऊन आली, टॉवेल विणायला वापरतात ते. गाठ अशी बसली की नखाने काढायलाही जड जावं. सोलापुरात राहून आपण दोरा विकत आणायचा, हेच मला आधी खटकायला हवं होतं. बाहेरगावी असाल तर साधा सुती दोरा घ्या, पॉलिस्टर नको.

दुकानातल्या बाकीच्या सामानाचं सांगते. जरीची लेस उत्तम, 3 मीटरला 45 रुपये, कडेला धागे सुटत नाहीत आणि टोचतही नाही. टिच बटणांचं पान 20 रुपये, चांगली, घट्ट बसणारी. मोरपीस 10 रुपये. पुठ्ठा मात्र घेऊ नका. 15 रुपयांचा मुकुटाचा कापलेला पुठ्ठा घेतला, तो वाकवल्यावर मधोमध पांढरी घडी पडली आणि उभा राहिनाच. शेवटी गणवेशाच्या कॉलरला घालतो ते कडक कॅनव्हास घरातलंच वापरलं. गरम गोंदाची बंदूक आणि त्याच्या कांड्याही ते विकतात. मोठ्यांच्या दागिन्यांना, तोरणाला, रुखवताच्या सामानाला ती चालेल, काम झटपट होतं. पण गोंदाने चिकटवलेला दाणा कधी निखळेल याचा भरवसा नाही, आणि निखळलेला दाणा बाळाच्या हाती लागला तर थेट तोंडात जातो. बाळासाठी शिवायचं आणि बांधायचं, त्यात तडजोड नको.

एक तक्रार आहे ती स्पष्ट लिहिते. हलव्याची परात दुकानाच्या तोंडाशी उघडी असते. रस्त्याची धूळ बसते. मी घेतलेल्या पावकिलोत खालून आलेले दोन मुठी दाणे बिनकाट्याचे, नुसते खडे होते. दुसऱ्या दिवशी परत नेले. काकांनी वाद घातला नाही, वजन करून तेवढेच चांगले दाणे दिले, वर चार जास्त टाकले. पण परातीवर कापड झाकायला हवं, हे मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगते.

दागिने कसे केले ते थोडं सविस्तर सांगते, कारण बऱ्याच जणी हे घरी करायला घाबरतात.

काटेरी हलवा मोठ्या माणसाच्या अंगाला टोचत नाही, बाळाच्या टोचतो. मानेवर लगेच लाल ठिपके येतात. यावर मला उपाय सापडला तो आपल्या गावचाच. मी टेरीचा एक हात पुसायचा नॅपकिन आणला, 40 रुपयांचा, एकदा धुऊन घेतला म्हणजे मऊ होतो. त्याचं अस्तर प्रत्येक दागिन्याच्या मागे लावलं. मुकुटाला बाहेरून काळं सुती कापड, मध्ये कॅनव्हास, आतून टेरी. दाण्यांची बांधलेली माळ कापडावर ठेवायची आणि प्रत्येक दोन दाण्यांच्या मधल्या गाठीवर टाका घालायचा. टाका दाण्यावरून न्यायचा नाही. मुकुटाला 90 दाणे लागले, मध्ये मोरपीस, कडेने जरी. डोक्याला बांधायला नाडी घेतली नाही, नाडी गळ्यात सरकते. मागे रुंद इलॅस्टिक लावलं.

हार गळ्यात घातलाच नाही. काळ्या झबल्याच्या छातीवर तीन सर शिवून टाकले, 40, 52 आणि 64 दाण्यांचे. वरून पाहिलं तर हार घातल्यासारखाच दिसतो, पण गळ्याभोवती काही नाही आणि बाळाने ओढलं तरी झबलंच ओढलं जातं. दंडाला बाजूबंद, एकेक 24 दाण्यांचा, मागे टिच बटण. कमरपट्टा 70 दाण्यांचा, तोही झबल्याला जोडलेला. मनगट्या केल्या नाहीत. भाचीला हव्या होत्या, फोटोसाठी. पण अकरा महिन्यांचं मूल मनगट चघळतं, साखर ओली झाली की दाणा सैल पडतो. तिला समजावलं, तिने ऐकलं. बासरी मात्र केली, कागदाच्या नळीवर तिळाचा हलवा लावून. ती बाळाच्या हातात द्यायची नव्हती, पाटाशेजारी ठेवायची होती, म्हणून तिथे गोंद वापरला.

पहिल्या संध्याकाळी तासाला पन्नास दाणे जेमतेम झाले. तिसऱ्या दिवशी ऐंशीच्या पुढे गेले. दाणे भिजू नयेत म्हणून शेजारी कोरडं फडकं ठेवायचं आणि दर पाच मिनिटांनी बोटं पुसायची. जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी असते, त्याचा मोठा फायदा. कोकणातल्या माझ्या एका मैत्रिणीला हेच काम पंख्याखाली बसून करावं लागतं. चार संध्याकाळींत सगळं झालं. झालेले दागिने स्टीलच्या डब्यात, कागद घालून, घट्ट झाकणाखाली ठेवले, आणि तो डबा पाण्याच्या ताटलीत. मुंग्यांना बाकी कशाने अडवता येत नाही.

खर्चाचा हिशेब सांगते. दुकानातलं सामान 250 रुपये, नॅपकिनचे 40, एकूण 290. झबल्याचं कापड चाटी गल्लीतून आणलेलं घरात शिल्लक होतं आणि सूत अक्काचं.

त्याच फेरीत मी तिथून गोंडे आणि रंगीत नाड्याही आणल्या. खणाचे तुकडे माझ्याकडे साठलेले असतात, त्यांचे 25 छोटे बटवे शिवले आणि त्यात तिळाचे लाडू घालून आलेल्या बायकांना वाण म्हणून दिले. गोंडे ठीकठाक, लाल रंगाचे पाहून घ्या, एकदोन फिके निघाले. नाड्या चांगल्या. बटवा शिवायला दहा मिनिटं लागतात आणि तो पुढे वर्षभर कुणाच्या तरी पर्समध्ये दिसत राहतो. प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा मला हे आवडतं.

दुकानात कधी जायचं, हे सोलापूरकरांनी नीट ऐका. यात्रेचे दिवस टाळा. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, निघाले की गावातले रस्ते माणसांनी भरून जातात. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, हलग्या, दोन्ही बाजूंना रांगोळ्या. पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम. ते सगळं डोळे भरून पाहावं, त्या गर्दीत हलवा आणायला जाऊ नये. मी यंदा भोगीच्या सकाळी राहिलेली लेस आणायला निघाले, तर पोहोचायलाच दीड तास गेला आणि दुकान बंद. काका-काकू दोघंही अक्षतेला गेले होते. जायला हवंच होतं त्यांनी. तेव्हा निदान आठवडाभर आधी जा, सकाळी अकराच्या सुमारास, तेव्हा काकूंना गाठ दाखवायला वेळ असतो.

पैसे रोख द्या किंवा फोनवरून, दोन्ही चालतं. छापील पावती मिळत नाही, पाकिटाच्या मागे पेनाने हिशेब लिहून देतात.

बोरन्हाण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. पाटावर माझ्या आईच्या हातची जुनी दुपट्याची घडी, त्यावर बाळ, मागे त्याची आई धरून. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हे सगळं ताटांत मांडलं. डोक्यावरून मात्र फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओतल्या. बोरं आणि करवे बाजूने सोडले, गोळा करायला जमलेल्या मोठ्या पोरांसाठी. एक-दोन बायकांना हे रुचलं नाही, "बोरांशिवाय कसलं बोरन्हाण" म्हणाल्या. बोरं होतीच की. अकरा महिन्यांच्या मुलाच्या डोक्यावर ती पडायला हवीत असं नाही, आणि कडक हलवा, दाणे, शेंगा त्याच्या हाताच्या अंतरावर असायला नकोत. उचलून झाल्यावर आम्ही सतरंजी झटकून पाहिली. दागिन्यांतला एकही दाणा खाली पडलेला नव्हता. माझ्या बहिणीने मुकुट हातात घेऊन उलटा केला, आतलं टेरीचं अस्तर पाहिलं आणि काही बोलली नाही, तो पदराने पुसून डब्यात ठेवला.

अंगावर घातलेला हलवा नंतर कुणी खाऊ नये. मी गाठी कापून दाणे काढले, अस्तर धुतलं, कॅनव्हास आणि जरी जपून ठेवली आहे. पुढे दुसऱ्या बाळाला फक्त हलवा नवा लागेल.

ते बाळ लवकरच मिळालं. अक्काच्या नातीचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आधी करायचं ठरलं आहे. ती आठ महिन्यांची आहे, तिच्यासाठी बिंदी, बाजूबंद आणि कमरपट्टा करायचा आहे. काल पुन्हा त्या बोळात गेले. परातीवर मलमलचं फडकं अंथरलेलं होतं. काकांनी पावकिलो तोलता तोलता विचारलं, "बाळाने मुकुट राहू दिला का डोक्यावर?"

सात मिनिटं, मी सांगितलं. फोटो काढून झाले होते.